पिवळी जर्सी कोणाच्या कष्टाची?

सायकल आपल्या सर्वांच्या ओळखीची. वाडीवरून शाळेत येणारी आम्ही मुलेमुली रोज तिच्यावरच येतो. परंतु सायकलची एक शर्यत तीन आठवडे चालते, रोज एका गावाहून सुटते आणि दुसऱ्या गावी पोहोचते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तिचे नाव 'टूर द फ्रान्स'. १९०३ साली फ्रान्स देशात ती सुरू झाली. महायुद्धांची वर्षे सोडली तर दरवर्षी भरते. एकवीस टप्पे, मिळून तीन हजार किलोमीटरांहून जास्त वाट, आणि मध्ये आल्प्स व पिरेनीज पर्वतांतले मोठमोठे घाट.

मी ही शर्यत मामाच्या मोबाइलवर पाहते. प्रथम पाहणाऱ्याला वाटते, ही शर्यत की वारी? दीडशेहून जास्त माणसे घोळक्याने चाललेली, तासन् तास कोणी कोणाला मागे टाकत नाही. पण त्या घोळक्यात सारखे डाव चाललेले असतात. ते एकदा कळले की नजर हटत नाही. म्हणून हा लेख.

आधी हिशेब समजून घेऊ. रोज जो पहिला येतो तो त्या दिवसाचा टप्पा जिंकतो. पण सगळी शर्यत जिंकतो तो वेगळाच असू शकतो. प्रत्येकाला रोज किती वेळ लागला ते लिहून ठेवतात आणि बेरीज करतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याला पिवळी जर्सी. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची बेरीज कमी झाली की जर्सी त्याच्या अंगावर जाते. १९९० साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकली होती! आपल्या वार्षिक परीक्षेसारखेच आहे हे. गणितात पहिला आला आणि बाकी विषयांत गटांगळ्या खाल्ल्या, तर पहिला नंबर दुसराच कोणीतरी नेतो.

घाट चढण्यात जो सरस त्याला वेगळी जर्सी असते, पांढरी, तांबड्या ठिपक्यांची. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाटात पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तसेच ते.

आता खरी गोष्ट वाऱ्याची. सपाट रस्त्यावर सायकल जोरात चालवताना आपली बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. आषाढात समोरून वारा असला की आम्ही काय करतो? मोठी मुले पुढे, लहान मागे. मागच्याला आडोसा मिळतो. या शर्यतीतही तेच. पुढच्याच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याची एक-तृतीयांशाच्या आसपास ताकद वाचते. म्हणजे पुढचा जेव्हा घामाघूम होतो तेव्हा मागचा जवळजवळ आरामात असतो. एकटा पुढे पळणारा कितीही दांडगा असो, मागचा घोळका पाळीपाळीने वारा कापत आला तर बहुतेक वेळा त्याला गाठतोच.

वारा बाजूने असला तर आणखी मजा. मग आडोसा मागे नसतो, तिरका असतो. म्हणून सायकलवाले रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रांग धरतात. रस्ता केवढा? जेमतेम आठ-दहा माणसांचा. ज्याला रांगेत जागा नाही तो कडेला एकटा वाऱ्यात सापडतो आणि हळूहळू मागे पडतो. हुशार संघ अशी जागा आधीच हेरून ठेवतात. मोकळे माळरान आले, वारा फिरला, की आठच्या आठ जण एकदम जोर लावतात आणि घोळक्याचे तुकडे तुकडे होतात.

चढावर मात्र वेग कमी, म्हणून आडोशाचा उपयोगही कमी. तेथे खरा दम दिसतो. म्हणून शर्यतीचे निकाल बहुतेक घाटांतच लागतात.

प्रत्येक संघात आता आठ जण असतात. त्यांतला एक पुढारी. बाकीचे त्याच्यासाठी वारा कापतात, संघाच्या मोटारीपाशी मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात, त्याचे चाक फुटले तर आपले काढून देतात. फ्रेंच भाषेत त्यांना 'दोमेस्तिक' म्हणतात. त्याचा अर्थ घरगडी. आपल्या मराठीत कबड्डी खेळणाऱ्यालाही गडी म्हणतात आणि शेतावर राबणाऱ्यालाही गडीच म्हणतात. या शर्यतीला तो शब्द दोन्ही अर्थांनी लागू पडतो.

यातला एक गडी मला फार आवडतो. त्याचे नाव रने व्हिएतो. १९३४ साली तो वीस वर्षांचा होता आणि पहिल्यांदाच या शर्यतीत उतरला होता. घाटांत त्याला कोणी धरू शकत नव्हते. पिवळी जर्सी होती त्याच्याच संघातल्या आंतोनॅं मान्यकडे. पिरेनीजच्या एका उतारावर मान्यचे चाक मोडले. व्हिएतोने आपले पुढचे चाक काढून दिले. मान्य गेला. व्हिएतो नवीन चाकाची वाट पाहत रस्त्याच्या कडेला दगडी कठड्यावर बसून रडला. तो फोटो आजही प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी मान्यची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएतो तेव्हा उतारावर पुढे निघून गेलेला. तो उलटा फिरला, चढ चढून मागे आला आणि या वेळी सबंध सायकलच देऊन टाकली. मान्य शर्यत जिंकला. व्हिएतो पाचवा आला, घाटांचे बक्षीस त्याला मिळाले, पण टूर द फ्रान्स त्याने पुढे कधीच जिंकली नाही.

हे वाचून दाखवल्यावर आमचे आजोबा म्हणाले, "अगं, मग पिवळ्या जर्सीवाल्याचं कसलं कौतुक? जर्सी त्या पोराला द्यायला हवी होती." यावर आमच्या घरी बरीच चर्चा झाली, असो.

पण एकाच संघात दोन पुढारी असले तर? तर काय होते ते १९८५ आणि १९८६ साली सगळ्या जगाने पाहिले. संघाचे नाव ला व्ही क्लेर. त्यात फ्रान्सचा बर्नार इनो होता. इनो म्हणजे मोठे नाव, तोपर्यंत चार वेळा जिंकलेला, स्वभावाने महा जिद्दी. त्याला 'ब्लेरो' म्हणत, म्हणजे बिळात कोंडला तरी चावा घेणारा बिज्जू. आणि त्याच संघात तरुण ग्रेग लेमाँड, वर ज्याचे नाव आले तोच. तोपर्यंत एकाही अमेरिकन माणसाने ही शर्यत जिंकली नव्हती.

१९८५ साली पिवळी जर्सी इनोकडे होती. मध्येच तो पडला आणि त्याचे नाक मोडले. पुढे पिरेनीजमध्ये लुझ आर्दिदाँच्या घाटात तो मागे पडू लागला. लेमाँड पुढे होता आणि त्याच्या पायांत बळ होते. पण त्याच्याबरोबर आयर्लंडचा स्टीफन रोश होता, म्हणजे दुसऱ्या संघाचा माणूस. लेमाँडने जोर लावला असता तर रोशलाही फुकट फायदा झाला असता. संघाच्या मोटारीतून हुकूम आला, रोशबरोबर जोर लावू नकोस. लेमाँड थांबला. इनो पाचव्यांदा जिंकला, लेमाँड १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा आला. तेव्हा इनोने सगळ्यांदेखत शब्द दिला की पुढच्या वर्षी मी तुला जिंकायला मदत करीन.

पुढचे वर्ष उजाडले. बायोन ते पो या टप्प्यात इनो दुसऱ्या संघाच्या पेद्रो देल्गादोला बरोबर घेऊन निसटला. आता लेमाँडने काय करावे? मला सगळ्यांत जास्त आवडलेला पेच हाच. पाठलाग करावा, तर त्याच्या मागे चाक लावून बाकीचे सगळे प्रतिस्पर्धी पुढे आले असते आणि स्वतःच्याच संघाचा डाव मोडला असता. आपल्याच संघाच्या गड्याचा पाठलाग करायचा नसतो. म्हणजे पाय असून हात बांधलेले! त्या दिवसाअखेर इनोच्या अंगावर पिवळी जर्सी आली आणि लेमाँड ५ मिनिटे २५ सेकंद मागे पडला.

दुसऱ्या दिवशी इनो पुन्हा एकटाच पुढे पळाला. पण पुढे घाटांवर घाट होते. शेवटी त्याचा दम संपला. या वेळी लेमाँडला संघातल्या अँडी हॅम्पस्टनने साथ दिली. लेमाँड टप्पा जिंकला आणि अंतर उरले फक्त ४० सेकंद. चार दिवसांनी आल्प्समधल्या ग्रानोंच्या घाटात पिवळी जर्सी लेमाँडने घेतली.

त्यानंतरचा दिवस तर चित्रातल्यासारखा. दोघे बाकीच्यांना मागे टाकून आल्प द्युएझच्या एकवीस वळणांवरून बरोबर चढले आणि हातात हात घालून रेषेपाशी आले. इनोचे चाक जरासे पुढे होते, टप्पा त्याला मिळाला. तिसरा माणूस पाच मिनिटांहून जास्त मागे. सगळ्यांना वाटले, मिटले भांडण. छे! इनोने नंतर सांगितले की शर्यत अजून संपलेली नाही. शेवटी लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला.

इनोचे म्हणणे असे होते, की मी पुढे पळत होतो ते बाकीचे प्रतिस्पर्धी दमावेत म्हणून, लेमाँडच्याच फायद्यासाठी. मला हे अर्धे पटते. पहिल्या दिवसाचे पटते. पण पिवळी जर्सी आणि पाच मिनिटे हाती असताना दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायचे, त्यात लेमाँडचा काय फायदा? आजोबा मात्र इनोच्या बाजूचे. ते म्हणतात, "वाघाला कोणी रांगेत उभं राहा म्हणतं का?" शिवाय इनो निवृत्त झाल्यावर गावाकडे जाऊन शेती आणि गाईगुरे पाहू लागला, हे ऐकल्यापासून तर आजोबा त्याच्याविरुद्ध एक शब्द ऐकून घेत नाहीत.

ग्रानोंच्या त्या घाटावर पुन्हा टप्पा संपला तो ३६ वर्षांनी, २०२२ साली. स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने त्याआधी लागोपाठ दोनदा शर्यत जिंकलेली होती आणि या वेळीही पिवळी जर्सी त्याच्याच अंगावर होती. त्याच्यासमोर युम्बो-विस्मा संघाचे दोघे होते. एक डेन्मार्कचा योनास विंगेगोर, पूर्वी सकाळी मासळीबाजारात काम करून मग सायकल चालवणारा. दुसरा प्रिमोझ रोगलिच, स्लोव्हेनियाचाच. रोगलिचच्या हातातून २०२० साली शेवटून दुसऱ्या दिवशी याच पोगाचारने शर्यत हिसकावली होती.

ग्रानोंच्या आधी गलिबिएच्या घाटात दोघांनी डाव टाकला. एकदा रोगलिच पुढे पळे, एकदा विंगेगोर. पोगाचारला दर वेळी उठून मागे जावे लागे. त्याचे दोन सोबती आजारपणामुळे आधीच घरी गेलेले. खो-खोत एकाच गड्याला सगळे पाठलाग करणारे आळीपाळीने दमवतात ना, अगदी तसे. गलिबिएवर पोगाचार डगमगला नाही, उलट त्यानेच जोर लावून दाखवला. पण ग्रानोंवर शेवटचे साडेचार-पाच किलोमीटर उरले असताना विंगेगोर निघाला आणि पोगाचारचे पाय उठेनात. त्या एका चढावर २ मिनिटे ५१ सेकंद गेले. रोगलिच स्वतः त्या दिवशी कितीतरी मागे राहिला. त्याचे काम गलिबिएवरच झाले होते. शर्यत विंगेगोर जिंकला.

आता मुलींसाठी. टूर द फ्रान्स बायकांचीही होते. २०२४ साली नेदरलँड्सची डेमी फोलरिंग पिवळी जर्सी घालून होती. पाचव्या टप्प्यात शेवटचे सहाएक किलोमीटर उरले असताना ती पडली. तिच्याच संघातली हंगेरीची ब्लांका वाश पुढच्या घोळक्यात होती. ती पुढेच राहिली आणि तिने टप्पा जिंकला. फोलरिंगची जवळजवळ पावणेदोन मिनिटे गेली आणि पिवळी जर्सी पोलंडच्या कासिया निएवियादोमाकडे गेली. शेवटच्या दिवशी फोलरिंग आल्प द्युएझवर, लेमाँड आणि इनो जेथे हात धरून आले तेथेच, सर्वांच्या आधी पोहोचली. मग सगळे घड्याळाकडे पाहत उभे राहिले. एक मिनिटभराने निएवियादोमा वर आली. बेरीज केली. आठ टप्पे, नऊशेहून जास्त किलोमीटर, आणि फोलरिंग हरली ४ सेकंदांनी.

आजोबांनी लगेच विचारले, "आणि ती वाश थांबली असती तर गं?"