सूक्ष्मदर्शकाच्या प्रकाशाचीही नोंद हवी

पेशीतील एखाद्या प्रथिनाला अनुदीप्त रंगद्रव्य जोडून त्याचे छायाचित्र टिपणे ही जीवशास्त्रातील नित्याची पद्धत झाली आहे. हिरव्या अनुदीप्त प्रथिनाच्या शोधाला व विकासाला २००८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र अशा छायाचित्रांवरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत पडताळता येईल का, हा प्रश्न गंभीर आहे.

अडचणीचे मूळ असे, की चित्रातील उजळपणा म्हणजे प्रथिनाचे प्रमाण नव्हे. तो लेसरची शक्ती, भिंग, फिल्टर, प्रकाशन काळ आणि कॅमेरा यांवरही अवलंबून असतो. शिवाय प्रकाशात रंगद्रव्य हळूहळू निष्प्रभ होते. निरोगी पेशी सकाळी व रोगग्रस्त पेशी दुपारी टिपल्या आणि दरम्यान दिवा मंदावला, तर दिसणारा फरक रोगाचा की दिव्याचा, हे सांगता येत नाही. औषधाचा परिणाम अशाच चित्रांवरून ठरत असेल, तर ही चूक महागात पडते.

‘ईलाइफ’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठ नियतकालिकांतील २४० शोधनिबंध तपासण्यात आले. अनेक निबंधांत चित्रे कशी घेतली याचे मूलभूत तपशीलही नव्हते.

उपाय अवघड नाहीत. तुलना करावयाच्या सर्व नमुन्यांसाठी यंत्राची मांडणी एकच ठेवावी व नमुने आलटूनपालटून टिपावेत. रंगद्रव्य न घातलेला नमुनाही तपासावा, कारण पेशींना स्वतःचीही अनुदीप्ती असते. आठ-बिट चित्रात उजळपणाची मोजणी ० ते २५५ एवढीच होते. त्यापलीकडचा फरक कायमचा हरवतो. म्हणून चित्र अतिउजळ होऊ देऊ नये.

‘लेसर पाच टक्के’ ही नोंद अपुरी ठरते, कारण दोन यंत्रांचे पाच टक्के सारखे नसतात. नमुन्यापर्यंत पोहोचणारी शक्ती मापकाने मोजून मिलिवॅटमध्ये लिहावी. मूळ फाइल तिच्यातील तांत्रिक नोंदींसह जपावी. जेपीईजी रूपांतरात माहिती गळते.

‘क्वारेप-लिमी’ हा आंतरराष्ट्रीय गट २०२० पासून अशा मापनांच्या समान पद्धती ठरवत आहे. शास्त्रज्ञांबरोबर सूक्ष्मदर्शक उत्पादकही त्यात सहभागी आहेत. प्रत्येक चित्रासोबत या नोंदी प्रसिद्ध झाल्या, तरच इतरांना तो प्रयोग पुन्हा करून निष्कर्षाची खातरजमा करता येईल.