उकिरड्याची साक्ष

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते, असें आपल्याकडे म्हणतात. विलायतेंतील उकिरड्यांची दैना फिटण्यास मात्र चांगलीं शंभर वर्षें लागलीं. ज्या खड्ड्यापाशीं नाकास पदर लावल्यावांचून कोणी उभें राहिलें नसतें, तेथें आज सुशिक्षित स्त्रीपुरुष सुटीच्या दिवशीं कुदळ-फावडीं घेऊन जातात, आणि चार रिकाम्या बाटल्या मिळाल्या म्हणजे धनाचा हंडा लाभल्याच्या आनंदानें घरीं परततात. अमेरिकेंत व इंग्लंडांत १९६० नंतर हा छंद विशेष वाढला. वरवर पाहतां हें एक खूळच वाटतें; परंतु मुलांबाळांच्या घरांत विचार करण्याजोगें त्यांत बरेंच आहे, म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

इंग्लंडांतील जुना उकिरडा आपल्यासारखा शेणाचा व पाल्यापाचोळ्याचा नसे. घरोघर दगडी कोळसा जळत असल्यामुळें केरांत मुख्य भाग राखेचाच असे. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यानंतर घरांतील केर उचलण्याचें काम उत्तरोत्तर स्थानिक संस्थांकडे आलें, आणि विटांसाठीं माती काढल्यानें पडलेले खड्डे, ओस पडलेल्या दगडाच्या खाणी व दलदलीच्या जागा त्या केरानें भरून निघाल्या. याच काळांत औषधें, मुरंबे, शाई, सोडावॉटर, सारें कांहीं बाटल्यांतून विकलें जाऊं लागलें होतें. कागद, कापड व अन्न कुजून गेलें; परंतु राखेच्या मऊ थरांत काचेच्या बाटल्या, चिनीमातीच्या बरण्या, मातीच्या चिलमी व बाहुल्यांचीं डोकीं जशींच्या तशीं राहिलीं.

बाटलीचें वय ओळखण्याची या मंडळींची एक विद्याच आहे. तोंड घडवितांना कारागीर बाटलीचा तळ लोखंडी सळईस चिकटवून धरीत असे. त्या सळईचा खरखरीत वण तळाशीं असेल तर बाटली बहुधा १८६० च्या पूर्वीची. साच्याच्या सांध्याची रेघ अंगावरून चढत जाऊन मानेशींच थांबली असेल, तर ओठ मागाहून हातानें केलेला. तीच रेघ थेट ओठावरून गेली असेल, तर बाटली यंत्रांतून निघालेली. असें पूर्ण स्वयंचलित यंत्र अमेरिकेंत मायकेल ओवेन्स यानें १९०३ सालीं सिद्ध केलें. विषाच्या बाटल्या गर्द निळ्या किंवा हिरव्या, आणि अंगावर उभ्या कंगोऱ्यांच्या. रात्रीं अंधारांत चांचपडणाऱ्या हातासहि हें औषध नव्हे हें कळावें, ही त्यांतील योजना.

गोळीच्या सोड्याची बाटली आमच्या वाचकांच्या परिचयाचीच आहे. तिचा जनक लंडनचा हायरम कॉड; सन १८७२. मानेंत काचेची गोटी व ओठाच्या आंत रबराची कडी. बाटली उलटी धरून भरली कीं आंतील वायूच्या दाबानेंच गोटी कडीवर घट्ट बसे. या बाटल्या लाखों निघाल्या, तरी उकिरड्यांत सांपडतात त्यांतील पुष्कळशा मान फोडलेल्या, कारण रिकामी बाटली हातीं पडली कीं मुलें ती फोडून गोटी काढून घेत. मुलांचा हा खेळ कोणी लिहून ठेवला नसता, तरी उकिरड्यानें तो आपणांस सांगितला असता.

अखंड व दुर्मिळ रंगाच्या बाटलीस संग्राहक मोठी किंमत देतात. उलट, ज्या शेंकड्यांनीं निघतात त्या पुष्कळदां परत खड्ड्यांतच फेंकल्या जातात. आमचें म्हणणें असें कीं, या फेंकलेल्या बाटल्यांतच त्या काळच्या घरांचें खरें वृत्त आहे.

त्यांपैकीं एक चपटी बाटली तान्ह्या मुलास दूध पाजण्याची. तिच्या बुचांतून एक लांब रबरी नळी निघे, व नळीच्या टोंकाशीं बोंड असे. बाटली उशाशीं ठेवून बोंड तोंडांत दिलें कीं मूल आपलें आपण पीत पडे, आणि आई कामास मोकळी होई. कांहींवर ‘अलेक्झांड्रा’ हें राणीच्या सुनेचें नांव मोठ्या डौलानें उमटविलेलें आढळतें. परंतु ती नळी आंतून धुतां येत नसे. तींत दूध सांचून नासे, आणि अतिसारानें मुलें दगावत. मिसेस बीटन यांच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेवरील सुप्रसिद्ध ग्रंथांतहि एकदां बसविलेलें बोंड नवें घालीपर्यंत काढण्याचें कारण नाहीं, असा सल्ला होता. पुढें लोकच या बाटल्यांस ‘खुनी बाटल्या’ म्हणूं लागले, व फ्रान्सनें १९१० सालीं कायद्यानें त्यांस बंदी केली.

दुसरी बाटली बोटभर उंचीची, साधी व गोल. तिच्या अंगावर ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ हीं अक्षरें उठावांत आहेत. दांत येतांना किरकिरणाऱ्या मुलासाठीं हें सरबत अमेरिकेंत १८४९ पासून विकलें गेलें व इंग्लंडांतहि घरोघर पोंचलें. जाहिरातींच्या रंगीत चित्रांत सुंदर आई व गुटगुटीत बालक असे. मूल तत्काळ शांत होई, यांत नवल नाहीं; कारण एका औंसांत सुमारें ६५ मिलिग्रॅम मॉर्फीन, म्हणजे अफूचें सत्त्व होतें. कित्येक मुलें त्या झोंपेंतून उठलींच नाहींत. १९०६ च्या कायद्यानें अमेरिकेंत असलीं द्रव्यें वेष्टनावर लिहिणें भाग पडलें, आणि १९११ सालीं तेथील वैद्यकीय संघानें हें सरबत ‘बालघातक’ औषधांच्या यादींत घातलें. इंग्लंडांत तें १९३० पर्यंत विकत मिळत होतें.

या मातांस दुष्ट म्हणून आपण मोकळें होऊं नये. त्यांनीं जें केलें तें मायेपोटीं व छापील शब्दावरील विश्वासानें. शिवाय आपलेंहि घर कांहीं निराळें नव्हतें. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील कामकरी स्त्रिया कामावर जातांना तान्ह्या मुलास अफूची बाळागोळी देत, हें त्या वेळीं जाहीर झालेलें आहे. त्यांस पोटासाठीं तसें करावें लागे. पण रात्रीं मूल रडूं नये म्हणून अफूचा कण चाटविण्याची चाल सुखवस्तु घरांतहि अगदींच अपरिचित नव्हती. फरक इतकाच कीं, आपल्या गोळीस बाटली नव्हती. म्हणून आपल्या उकिरड्यांत तिची खूणहि उरली नाहीं.

यासाठींच खणणाऱ्यानें केवळ किमती वस्तु उचलून उरलेलें विस्कटून टाकणें योग्य नव्हे. अमेरिकेंतील जुन्या घरांमागील शौचकूपांत त्या त्या घरचाच केर पडत असे. एकाच थरांत दूध पाजण्याची बाटली, त्या सरबताच्या रिकाम्या बाटल्या व बाहुलीचें डोकें निघालें, तर त्या घराविषयीं जें कळतें, तें त्याच वस्तु दुकानाच्या फळीवर वेगवेगळ्या मांडल्यास कळत नाहीं. कोणती वस्तु किती खोल, कशाच्या शेजारीं सांपडली, हें लिहून न ठेवितां ती उचलली, कीं तिची निम्मी साक्ष बुडाली. शिवाय जमिनीच्या मालकाची अनुमति हवीच. खड्ड्याची भिंत आंतून पोखरीत गेल्यास वरची राख कोसळून माणूस गाडला जातो. आणि जुन्या बाटलींत कांहीं शिल्लक असल्यास तिचें बूच उघडूं नये, कारण सोमल व कुचल्याचें सत्त्व एके काळीं घरोघर असे.

माणूस रोजनिशींत लिहितो तें निवडून लिहितो, चित्र काढवितो तें चांगला पोशाख करून काढवितो. केर टाकतांना मात्र कोणी पाहणार आहे असें त्याच्या मनांतहि नसतें. उद्यां आपल्या घरांतून रिकाम्या झालेल्या औषधाच्या बाटल्या बाहेर टाकतांना, त्यांतील कोणतें औषध कोणास, कोणाच्या सल्ल्यानें व कशासाठीं दिलें, इतकें आपण क्षणभर आठवून पाहिलें, तर बरें. मुलाच्या तोंडांत घालावयाच्या वस्तूंत काय आहे हें विचारण्यास शंभर वर्षें थांबण्याचें कारण नाहीं.