लॅबमधली वेस्ट बाटली: प्रयोग संपला, पण काम संपलं का?

रिसर्चची तयारी करताना आपण पेपर वाचतो, इन्स्ट्रुमेंट शिकतो, गाईडला मेल कसा लिहायचा हेही विचारून घेतो. पण रिॲक्शन झाल्यावर फ्लास्कमध्ये जे उरतं ते कुठे टाकायचं, हे फारसं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. म्हणून आधी माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगतो.

एक सिंटर्ड फनेल काळं पडलं होतं. सीनियर म्हणाला, नायट्रिक ॲसिडने साफ होईल. झालंही. ते वापरलेलं ॲसिड मी हुडमधल्या एका बाटलीत ओतलं. बाटलीवर मार्करने एकच शब्द होता, ‘वेस्ट’. तळाशी थोडंसं काहीतरी होतं, मला वाटलं पाणी असेल. झाकण घट्ट लावलं, हुडची काच खाली ओढली आणि मेसला गेलो. परत आलो तर हुडमध्ये काचांचा खच आणि तपकिरी धूर. तळाशी होतं ते पाणी नव्हतं, इथेनॉल होतं.

कुणाला लागलं नाही, कारण काच खाली होती. पण लॅब झाडणाऱ्या मावशी माझ्या आधी अर्धा तास त्याच हुडसमोर केर काढत होत्या. हे कळलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. चूक माझी होती आणि तिची किंमत त्या मोजणार होत्या. हा लेख त्यासाठीच.

असं का झालं?

नायट्रिक ॲसिड हे जबरदस्त ऑक्सिडायझर आहे. इथेनॉल, ॲसिटोन अशा सेंद्रिय द्रवांशी त्याची रिॲक्शन होते, उष्णता आणि वायू तयार होतात. फसवणारी गोष्ट अशी, की सुरुवातीला काहीच दिसत नाही. काही मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ बाटली अगदी शांत असते. मग एकदम वेग येतो. झाकण बंद असेल तर वायूला वाट नाही, दाब वाढतो आणि बाटली फुटते. ‘ओतलं तेव्हा काही झालं नाही’ हा म्हणूनच पुरावा नाही.

‘बेसिनमध्ये ओत आणि नळ सोड’

हे वाक्य तुम्ही ग्रॅज्युएशनच्या प्रॅक्टिकलमध्ये ऐकलं असेल. आपण कळत नकळत असं समजतो, की पाण्यात गेलं म्हणजे संपलं. पण तो पाईप कुठेतरी जातो. बऱ्याच कॅम्पसवर सांडपाण्याचा स्वतःचा प्रकल्प असतो आणि तेच पाणी बागेला जातं. या प्रकल्पांत घाण खाण्याचं काम जिवाणू करतात. तुमचं क्रोमियम, मर्क्युरी किंवा सिल्व्हर ते खाऊ शकत नाहीत, उलट स्वतःच मरतात. जड धातू गाळात बसतात किंवा पाण्याबरोबर पुढे जातात. पातळ केल्याने धातूचा एक अणूही कमी होत नाही.

सॉल्व्हंटचा धोका वेगळा. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती पाईपमध्ये साठते आणि दुसऱ्या खोलीतल्या बेसिनमधून वर येऊ शकते. सोडियम अझाइड तर तांब्याच्या किंवा शिशाच्या जुन्या पाईपमध्ये धातूचे अझाइड बनवतं आणि ते धक्क्याने फुटतात. पुढे कधीतरी पाईप दुरुस्त करायला येणाऱ्या प्लंबरला याचा पत्ताही नसतो.

मग बेसिनमध्ये काहीच नाही का? मीठ, साखर, साधे बफर चालतात. साधं पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड किंवा कॉस्टिक, ज्यात धातू किंवा सेंद्रिय काही नाही, ते न्यूट्रल करून सोडता येतं, पण तुमच्या संस्थेचा नियम तसं म्हणत असेल तरच. भारतात सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकांत पीएच ५.५ ते ९ मध्ये असावा लागतो. न्यूट्रल करताना ॲसिड पाण्यात घाला, पाणी ॲसिडमध्ये नाही. बर्फावर ठेवून, हळूहळू.

आणि हो, सॉल्व्हंट हुडमध्ये उघडं ठेवून उडवून टाकणं ही विल्हेवाट नव्हे. तुम्ही ते फक्त बिल्डिंगच्या छतावर पाठवलं.

बाटल्या वेगवेगळ्या का?

चांगल्या लॅबमध्ये साधारण असे गट दिसतील:

- हॅलोजन नसलेले सॉल्व्हंट: हेक्झेन, इथाइल ॲसिटेट, ॲसिटोन, मिथेनॉल, टोल्युइन.
- हॅलोजन असलेले: डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म. एनएमआर ट्यूबमधलं ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्मही इथेच.
- पाण्यातली ॲसिडं एका बाटलीत, बेस दुसऱ्या बाटलीत. नायट्रिक ॲसिड एकटंच.
- जड धातूंची द्रावणं. मर्क्युरी त्यातही वेगळं.
- घन कचरा: कॉलमची सिलिका, टीएलसी प्लेट, ग्लोव्ह्ज.
- काच: फुटकी काच, पाश्चर पिपेट. यांना जाड पुठ्ठ्याचा डबा, साधी प्लास्टिकची पिशवी नाही.
- सुया: त्यांच्यासाठीचा खास, सहज न टोचला जाणारा डबा.

हॅलोजन वेगळं का, हा प्रश्न मलाही पडायचा. कारण पुढे हे सॉल्व्हंट जाळले जातात. क्लोरीन असलेलं द्रव जाळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू तयार होतो आणि तापमान नीट राखलं नाही तर डायॉक्सिनसारखी विषारी संयुगं. त्यासाठी भट्टीचं तापमान जास्त ठेवावं लागतं, धूर धुवावा लागतो, खर्च वाढतो. हॅलोजन नसलेलं सॉल्व्हंट मात्र सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणूनही चालू शकतं. तुम्ही हेक्झेनच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये अर्धा कप डायक्लोरोमिथेन ओतलं, की अख्खा कॅन महागड्या गटात गेला.

या जोड्या कधीच नकोत

पाठ करा असं मी सहसा म्हणत नाही, पण हे पाठच करा.

नायट्रिक ॲसिड आणि कुठलंही सॉल्व्हंट: वर सांगितलंच.

सायनाइड आणि ॲसिड: हायड्रोजन सायनाइड. सायनाइडचा कचरा कायम बेसिक ठेवायचा, स्वतंत्र बाटलीत.

अझाइड आणि ॲसिड: हायड्रॅझोइक ॲसिड, विषारी आणि स्फोटक. अझाइड आणि डायक्लोरोमिथेन: डायअझिडोमिथेन, तेही स्फोटक. म्हणून अझाइडच्या रिॲक्शनचं वर्कअप डायक्लोरोमिथेनमध्ये करत नाहीत.

क्लोरोफॉर्म आणि ॲसिटोन: दोन्ही रोजच्या वापरातले, पण बेस असेल तर रिॲक्शन जोरात तापते.

ब्लीच आणि ॲसिड: क्लोरीन. बायोलॉजीवाल्यांनो, आरएनए काढायच्या किटमध्ये ग्वानिडिन थायोसायनेट असतं. त्यावर ब्लीच ओतलं तर विषारी वायू येतो. ‘ब्लीच टाकलं की सगळं सुरक्षित’ ही सवय इथे अंगाशी येते.

पिरान्हा द्रावण, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ॲक्वा रेजिया: ही दोन्ही वापरून झाल्यावरही वायू सोडत राहतात. गरम असताना बाटलीत भरू नका, झाकण घट्ट लावू नका, सॉल्व्हंटच्या आसपास नेऊ नका. टोलेन्स रिएजंट साठवायचंच नाही. ठेवून दिलं तर त्यात चांदीचं स्फोटक संयुग तयार होतं. प्रयोग झाला की लगेच पातळ नायट्रिक ॲसिडने आम्लीय करून सिल्व्हरच्या वेस्टमध्ये टाका.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड काचेत कधीच नाही. ते काच खातं.

अजून एक, जे पुस्तकात पटकन सापडत नाही. हायड्रोजनेशन झाल्यावर पॅलेडियम-कार्बन गाळलेला फिल्टर पेपर कागदाच्या डस्टबिनमध्ये टाकू नका. ओला असेपर्यंत तो गरीब दिसतो, कोरडा झाला की आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून, वेगळ्या लेबलच्या बाटलीत. सोडियम, सोडियम हायड्राइड, ब्युटाइल लिथियम हे तर आधी क्वेंच केल्याशिवाय वेस्टमध्ये जातच नाहीत. प्रत्येकाची क्वेंच करायची पद्धत वेगळी असते. पहिल्या वेळी सीनियरला शेजारी उभं करा, लाजू नका.

लेबल कुणासाठी?

आपल्याला वाटतं लेबल आपल्यासाठी असतं. मला तर माहीतच आहे काय भरलंय! पण ती बाटली उघडणारा, उचलणारा, ट्रकमध्ये चढवणारा माणूस तुम्ही नसता. म्हणून ‘वेस्ट’ किंवा ‘मदर लिकर’ हे लेबल नाही. काय लिहायचं?

पदार्थांची पूर्ण नावं (‘डीसीएम’ नाही, ‘डायक्लोरोमिथेन’), अंदाजे टक्केवारी, पाणी आहे का, पीएच, धोका कोणता (ज्वलनशील, विषारी, क्षरणकारी), भरायला सुरुवात केली ती तारीख, आणि तुमचं नाव. प्रत्येक वेळी ओतलं की बाटलीला अडकवलेल्या कागदावर एक ओळ. दहा सेकंदांचं काम आहे. जुन्या रिएजंटची बाटली वापरली असेल तर मूळ लेबल पूर्ण खोडा.

बाटली चार-पंचमांशपेक्षा जास्त भरायची नाही. उन्हाळ्यात द्रव फुगतो, वर जागा लागते. खाली ट्रे हवा, म्हणजे गळलं तर जमिनीवर येणार नाही. ओतून झालं की झाकण बंद, फनेल बाटलीत खोचून ठेवायचा नाही. ॲसिडच्या आणि सॉल्व्हंटच्या बाटल्या एका ट्रेमध्ये नकोत.

पुढे हे जातं कुठे?

भारतात धोकादायक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. त्यांनुसार असा कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही, काही बाबतीत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ मुदत वाढवून देतं. कचरा नेणारा आणि त्याची विल्हेवाट लावणारा अधिकृत हवा, आणि सोबत मॅनिफेस्ट नावाचा कागद हवा, ज्यावर देणारा, नेणारा आणि घेणारा तिघांची नोंद होते. आपल्याकडे तळोजा, रांजणगाव इथे अशी सामायिक केंद्रं आहेत. तिथे काही कचरा भट्टीत जळतो, काही स्थिर करून खास अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरला जातो. काय कुठे जाणार हे ठरतं कशावरून? तुमच्या लेबलवरून. अनोळखी बाटली कुणी घेत नाही. घेतली तर आधी तपासणी, मग पैसे. म्हणून ती लॅबच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहते.

अनाथ बाटल्या

तुम्ही लॅब जॉइन कराल तेव्हा तुमच्या बेंचखाली अशी एखादी बाटली नक्की सापडेल. पास होऊन गेलेल्या कुणाची तरी. तेव्हा उत्साहाने झाकण फिरवू नका. जुन्या ईथर आणि टीएचएफमध्ये पेरॉक्साइड साचतात, कधी झाकणाच्या आट्यांमध्ये स्फटिक बनून. पिक्रिक ॲसिड वाळलं की स्फोटक होतं. स्फटिक दिसले, तळ वाळलेला दिसला, तर हात लावू नका, हलवू नका. गाईडला आणि सेफ्टी ऑफिसरला सांगा. घाबरट म्हणतील, म्हणू द्या.

तुम्ही काय करू शकता?

१९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी ग्रीन केमिस्ट्रीची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की कचरा साफ करण्यापेक्षा तो होऊ न देणं चांगलं. आपल्या भाषेत: ५०० मिलीलिटरचा कॉलम लावण्याआधी टीएलसीवर दोन सॉल्व्हंट जास्त बघा. १०० ग्रॅम पुरत असेल तर स्वस्त पडतं म्हणून किलोची बाटली मागवू नका.

नोटबुकमध्ये प्रयोग लिहिताना शेवटी एक ओळ घाला: ‘वेस्ट कुठे?’ उत्तर माहीत नसेल तर प्रयोग सुरू करायचा नाही. इंटरव्ह्यूला गेलात की लॅब बघताना वेस्टची जागाही बघा. लॅब कशी आहे ते तिथे चटकन कळतं. आणि लॅब सोडताना आपल्या सगळ्या बाटल्या नावानिशी कुणाच्या तरी हाती देऊन जा.

त्या प्रसंगानंतर मी मावशींना काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय बाळा त्यातलं, तुम्ही लिहून ठेवत जा म्हणजे झालं.” मग आम्ही हुडच्या काचेवर एक लाल पट्टी लावली, मराठीत: आत रिॲक्शन किंवा ॲसिड आहे, जवळ थांबू नका. वेस्टच्या लेबलवरही आता धोका मराठीत लिहितो. तुमच्या लॅबमध्ये ते वाचणारं कोण आहे, हे जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बघून घ्या.