स्वस्त सुरीची पारख

स्वयंपाकघरातली चांगली सुरी महागच असते, हा समज विक्रेत्यांच्या सोयीचा आहे. सणासुदीच्या सवलतीत सहा सुऱ्या आणि लाकडी ठोकळा असा संच घरी येतो. दोन महिन्यांत त्यांतल्या एकीनेही पिकलेला टोमॅटो धड कापला जात नाही. मग सुरीवर जोर द्यावा लागतो, ती घसरते आणि बोटावर येते. बोथट सुरी निरुपद्रवी असते असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. धारदार पाते जिथे ठेवावे तिथेच उतरते. बोथट पाते कुठे जाईल याचा नेम नसतो.

सुरीचा कस ठरतो तो पोलादावर आणि त्याला दिलेल्या पाण्यावर. पोलादात कर्बाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का असले, ते लालबुंद तापवून एकदम थंड केले आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवला, की ते धार धरते. लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात ते हेच. भांड्यांचे स्टेनलेस स्टील निराळे. त्यात साधारण अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असते. ते गंजत नाही, पण पाणी देऊन कठीणही होत नाही. त्याची सुरी करणे म्हणजे ताटाच्या काठाने भाजी चिरणे. दुकानात जाताना खिशात छोटे लोहचुंबक ठेवावे. पात्याला ते चिकटले नाही, तर सुरी खाली ठेवावी. चिकटले म्हणून मात्र सुरी उत्तम ठरत नाही, कारण कठीण न होणारी काही पोलादेही चुंबकाला ओढली जातात.

वेष्टनावर रॉकवेल कठीणपणाचा आकडा दिला असेल, तर तो 55 ते 57 असावा. घरगुती वापराला तेवढा पुरे. त्याहून बराच कमी असल्यास धार लवकर वळते. 60 च्या पुढे गेल्यास ती टिकते, पण पाते ठिसूळ होते आणि घरी धार लावणे जिकिरीचे होते. स्वस्त सुरीवरची लाटांची नक्षी पुष्कळदा केवळ पृष्ठभागावर उमटवलेली असते. नक्षीने कांदा चिरला जात नाही.

आपल्याकडे याहून जवळचा पर्याय आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा जत्रेच्या फेरीत लोहाराकडची कोयती, सुरी, आदोळी मिळते. ही अवजारे अनेकदा ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यांपासून घडवतात. त्या पट्ट्यांचे पोलाद मुळातच साधारण अर्धा टक्का कर्बाचे. नीट पाणी दिले, तर नावाजलेल्या सुरीशी स्पर्धा करील असे. मूठ ओबडधोबड असते, पात्यावर घणाचे व्रण असतात, त्यामुळे ती भेट म्हणून कोणी देत नाही. खरेदी करताना लोहाराला दोन गोष्टी विचाराव्यात: पट्टी कशाची आणि पाणी दिले आहे का. सरळ उत्तर देणाऱ्याकडून निर्धास्त घ्यावी.

या सुरीची एकच अडचण, ती गंजते. आमच्या पावसाळ्यात तर एका रात्रीत. वापरून झाली की लगेच धुऊन, कोरडी करून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. कोकम, चिंच, लिंबू यांनी पाते काळसर होते. तो गंज नव्हे, घासून काढण्याची घाई करू नये. एवढी निगा जमणार नसेल, तर स्टेनलेसच्या साध्या छोट्या सुरीकडे वळावे. स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचीही भाजी-फळांची छोटी सुरी काही शे रुपयांत येते.

घराला सुऱ्या तरी किती लागतात? हाताच्या वितीएवढी एक आणि सोलण्या-तासण्याला एक छोटी. पाव कापणाऱ्यांनी दातेरी घ्यावी. मासळीची हाडे, नारळ, गोठलेले मांस यांच्यावर पातळ सुरी चालवू नये. त्यांना कोयतीच हवी.

संचाचे पैसे वाचले, तर त्यांतून निसणा घ्यावा: एका बाजूस जाडा, दुसऱ्या बाजूस बारीक. तो पाण्याने भिजवून चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून सव्वा सेंटिमीटर उचलावी आणि तोच कोन राखत पाते फिरवावे. विरुद्ध अंगाला बारीक खरखरीत कड हाताला लागली, की बाजू बदलावी. शेवटी बारीक बाजूवर हलके हात द्यावेत. कड तपासताना बोट धारेच्या आडवे, बाहेरच्या दिशेने न्यावे. धारेवरून लांबीने कधीही नव्हे. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे सुरी देताना ती मधूनमधून पाण्यात बुडवायला सांगावे. कोरड्या चाकावर धारेची कड निळी पडली, म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले.

आणि काचेच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट चिरण्याची सवय सोडावी. कितीही उंची पोलाद त्यापुढे हरते. लाकडाची साधी फळी सुरीचे आयुष्य कितीतरी वाढवते.