फिरती अवजड वाहन दुरुस्ती सेवा

फिरती अवजड वाहन दुरुस्ती सेवा म्हणजे मालमोटारी, ट्रेलर, टिपर, तसेच जेसीबी, पोकलेन यांसारखी बांधकामाची व खाणकामाची यंत्रे जेथे बंद पडतात तेथे जाऊन ती दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय होय. नेहमीच्या गॅरेजात वाहन कारागिराकडे येते. या व्यवसायात कारागीर अवजारे, सुटे भाग आणि हवा व विजेची सोय असलेली गाडी घेऊन वाहनाकडे जातो. अशा सेवेचा मुख्य हेतू वाहन पूर्ववत नवे करणे हा नसून ते सुरक्षितपणे पुढच्या मुक्कामापर्यंत किंवा कार्यशाळेपर्यंत चालत जाईल अशा स्थितीत आणणे हा असतो. या लेखात प्रामुख्याने महाराष्ट्रातील परिस्थितीच्या संदर्भात या व्यवसायाची माहिती दिली आहे.

स्वरूप

या सेवेचे दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार तातडीच्या दुरुस्तीचा. घाटात, महामार्गावर किंवा माल उतरविण्याच्या ठिकाणी वाहन बंद पडल्यावर चालक अथवा मालक दूरध्वनी करतो व कारागीर तेथे पोहोचतो. दुसरा प्रकार नियोजित देखभालीचा. वाहतूक कंपन्यांचे वाहनतळ, खडीक्रशर, खाणी, साखर कारखाने आणि रस्तेबांधणीची ठिकाणे येथे ठरलेल्या दिवशी जाऊन तेलबदल, ग्रीसिंग, फिल्टर बदलणे, ब्रेक तपासणे अशी कामे केली जातात. तातडीच्या कामाचा दर अधिक मिळतो, परंतु ते केव्हा येईल याचा नेम नसतो. नियोजित कामाचा दर कमी असला तरी उत्पन्नात सातत्य राहते. त्यामुळे टिकून राहिलेल्या व्यवसायांत बहुधा दोहोंचा मेळ घातलेला दिसतो.

पोकलेनसारखी साखळीवर चालणारी यंत्रे स्वतःहून गॅरेजपर्यंत जाऊ शकत नाहीत. ती हलविण्यासाठी ट्रेलर मागवावा लागतो व त्याचे भाडे अनेकदा दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक होते. अशा यंत्रांसाठी जागेवरची दुरुस्ती हा सोयीचा नव्हे, तर आवश्यकतेचा भाग आहे.

पार्श्वभूमी

भारतात १९५४ मध्ये टेल्को कंपनीने डेमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. त्या काळातील व त्यानंतरच्या अनेक दशकांतील डिझेल इंजिने पूर्णतः यांत्रिक होती. पाने, हातोडी आणि अनुभव यांच्या बळावर ढाब्याशेजारचा मिस्त्री ती दुरुस्त करू शकत असे. चालक आणि क्लीनर यांनाही पाटे बदलणे, डिझेलच्या नळीतील हवा काढणे, टायर बदलणे ही कामे येत असत. महामार्गाच्या दुतर्फा टायरवाले, पाटेवाले, वेल्डिंगवाले आणि बॅटरीवाले यांची वस्ती वाढली ती याच गरजेतून.

प्रवेशनियंत्रित मार्गांमुळे ही रचना बदलली. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाला. मुंबई व नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊन जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. अशा मार्गांच्या कडेला दुकाने व गॅरेज नसतात, आणि बंद पडलेल्या वाहनाच्या चालकाला पायी जाऊन मिस्त्री शोधून आणता येत नाही. त्यामुळे कारागिरानेच वाहनापर्यंत जाणे अपरिहार्य ठरले.

याच काळात इंजिनेही बदलली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ (बीएस-६) ही प्रदूषणमानके लागू झाली आणि मालमोटारींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण व धूरशुद्धीकरणाच्या यंत्रणा सर्वत्र आल्या. आता पान्याच्या जोडीला निदानयंत्र (स्कॅनर) कारागिराच्या पेटीत असावे लागते.

जागेवर करता येणारी कामे

हवेचे ब्रेक: बहुतेक अवजड वाहनांत सुमारे ८ बार दाबाच्या हवेवर ब्रेक चालतात. मागील चाकांच्या ब्रेक चेंबरमध्ये एक मोठी स्प्रिंग असते. हवेचा दाब असेपर्यंत ती दाबलेली राहते. दाब उतरला की ती सुटते आणि ब्रेक आपोआप लागतात. म्हणून हवेची साधी नळी फुटली तरी मालाने भरलेले वाहन जागचे हलत नाही. वाहनात बिघाड फार मोठा झाला आहे असे चालकाला वाटते, प्रत्यक्षात नळीचा तुकडा व जोड बदलून ते मार्गस्थ होऊ शकते.

इंधन: डिझेल संपल्यास किंवा फिल्टरची जोडणी सैल झाल्यास इंधनवाहिनीत हवा शिरते. कारागिरांच्या बोलीत यास 'गाडीने एअर घेतली' असे म्हणतात. हातपंपाने डिझेल पुढे ढकलून ही हवा काढली जाते. मात्र कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात इंधनाचा दाब १,००० बारहून अधिक असतो. इंजिन चालू असताना त्याची नळी सैल करणे जिवावर बेतू शकते.

विद्युत यंत्रणा: अवजड वाहनांत सहसा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टचा पुरवठा केलेला असतो. सैल किंवा गंजलेली टोके, जळालेला फ्यूज, निकामी अल्टरनेटर आणि सेल्फचे दोष हे नेहमीचे बिघाड होत. एकट्या मोटारगाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर असे वाहन सुरू होत नाही.

शीतकरण: घाट चढताना पंख्याचा पट्टा तुटणे, रेडिएटरची रबरी नळी फुटणे यांमुळे इंजिन तापते. अशा वेळी तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते, त्यामुळे इंजिन निवण्याची वाट पाहणे हा दुरुस्तीचाच भाग मानला जातो.

हायड्रॉलिक नळ्या: पोकलेन, जेसीबी व ऊसतोडणी यंत्रे यांत उच्च दाबाच्या तेलावर सर्व हालचाली होतात. नळी फुटली की यंत्र थांबते. गाडीवर बसविलेल्या क्रिंपिंग यंत्राच्या साह्याने मोजमापाची नवी नळी जागेवरच तयार करता येते. ऊसगाळपाच्या हंगामात या कामाला विशेष मागणी असते, कारण तोडलेला ऊस वेळेत कारखान्यात न पोहोचल्यास त्याचे वजन व साखरेचा उतारा दोन्ही घटतात.

जागेवर टाळावयाची कामे

इंजिन वा गिअरबॉक्स पूर्ण उघडणे, चासीला वेल्डिंग करणे आणि स्टिअरिंगच्या भागांची तात्पुरती जोडणी करणे ही कामे रस्त्याच्या कडेला केली जात नाहीत. धुळीत उघडलेले इंजिन पुन्हा लवकर निकामी होते. स्टिअरिंगची कामचलाऊ जोड उतारावर तुटल्यास चालकाबरोबर इतरांचेही प्राण जातात. ज्वलनशील पदार्थांच्या टँकरवर, तो रिकामा असला तरी, वेल्डिंग केल्यास आतील वायूचा स्फोट होऊ शकतो. अशा प्रसंगी वाहन ओढून नेण्याची व्यवस्था करून देणे हेच योग्य ठरते. काम नाकारल्याने त्या दिवसाचे उत्पन्न बुडते; परंतु या व्यवसायातील विश्वासार्हता अशा नकारांवरही उभी असते.

साधनसामग्री

आरंभी लहान मालवाहू गाडी किंवा पिकअप पुरेशी ठरते. तिच्यावर पुढील सामग्री असते:

• हवेचा कॉम्प्रेसर, जनित्र व प्रकाशासाठी दिवे
• वाहनाच्या भारास पुरेसे जॅक, आधारासाठी भक्कम घोड्या व चाकांखाली लावण्याचे ठोकळे
• मोठ्या मापांचे पाने, गोट्या व टॉर्क पाना
• मल्टीमीटर, २४ व्होल्टच्या यंत्रणेस चालणारे निदानयंत्र
• नेहमी लागणारे भाग: हवेच्या नळ्या व जोड, पट्टे, फिल्टर, फ्यूज, होज क्लॅम्प, दिव्यांचे बल्ब
• परावर्तक त्रिकोण, शंकू, परावर्तक जाकीट, अग्निशामक व प्रथमोपचार पेटी

सर्व कंपन्यांच्या सर्व वाहनांचे भाग बाळगणे शक्य नसते. म्हणून आपल्या पट्ट्यात कोणती वाहने अधिक धावतात हे पाहून साठा ठरविला जातो. वापरात आलेल्या प्रत्येक भागाची नोंद ठेवल्यास काही महिन्यांत कोणता भाग गाडीत हवा व कोणता निष्कारण पैसा अडवून बसला आहे, हे स्पष्ट होते.

व्यवसायाची उभारणी

या क्षेत्रात येणारे बहुतेक कारागीर आधी एखाद्या गॅरेजात किंवा अधिकृत सेवा केंद्रात काम केलेले असतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील (आयटीआय) मोटर मेकॅनिक हा दोन वर्षांचा व डिझेल मेकॅनिक हा एक वर्षाचा अभ्यासक्रम त्यासाठी पायाभूत ठरतो.

नोंदणीच्या दृष्टीने १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन व विनाशुल्क होते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांहून अधिक झाल्यास सेवा व्यवसायास वस्तू व सेवा कराची (जीएसटी) नोंदणी करावी लागते. मोठ्या वाहतूक कंपन्या कराच्या वजावटीसाठी बहुधा नोंदणीकृत सेवादाराकडूनच बिल मागतात, त्यामुळे काही व्यावसायिक मर्यादेपूर्वीच नोंदणी करतात. गाडीच्या मूळ रचनेत बदल करून तिचे फिरत्या कार्यशाळेत रूपांतर करावयाचे असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील तरतुदी पाहून परिवहन कार्यालयाची मान्यता घेणे आवश्यक असते.

भांडवलासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना आणि पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) हे दोन सरकारी मार्ग आहेत. दुसऱ्या योजनेत अर्जदाराचा प्रवर्ग व उद्योगाचे ठिकाण यांनुसार प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. कर्ज घेताना गाडी व साधने यांबरोबरच पहिल्या काही महिन्यांचे डिझेल, सुटे भाग आणि उधारीत अडकणारी रक्कम यांचाही हिशेब धरावा लागतो. वाहतूक कंपन्यांकडून येणे रक्कम अनेकदा महिन्या-दोन महिन्यांनी मिळते. सुटे भागवाल्याला मात्र पैसे लवकर द्यावे लागतात. काम भरपूर असूनही व्यवसाय बंद पडण्यामागे हेच कारण असू शकते.

दूरध्वनीवरील निदान

या व्यवसायातील निम्मे कौशल्य गाडी निघण्यापूर्वीच पणास लागते. चालकाकडून वाहनाचे मॉडेल, मालाचा भार, हवेच्या दाबाचा आकडा, फलकावर पेटलेले दिवे आणि बंद पडण्यापूर्वीचा आवाज वा वास यांची माहिती घेतली जाते. तुटलेल्या भागाचे छायाचित्र मागविले जाते. ठिकाण विचारताना किलोमीटरचा दगड आणि वाहन कोणत्या दिशेच्या मार्गिकेत उभे आहे हे दोन्ही विचारणे महत्त्वाचे असते. द्रुतगती मार्गावर दिशेची चूक झाल्यास पुढील आंतरबदलापर्यंत जाऊन परतावे लागते. योग्य भाग न घेता केलेली फेरी दोघांचेही नुकसान करते.

दर आकारणी

दरात साधारणपणे चार घटक असतात: जाण्यायेण्याचे शुल्क, कामाचा वेळ, सुट्या भागांची किंमत आणि रात्रीचा अथवा सुटीचा अधिभार. उदाहरणार्थ, वाहन ६० किलोमीटर अंतरावर असेल आणि सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्यास तीन तास लागतात. नळी बदलण्यास वीस मिनिटे पुरतात. केवळ वीस मिनिटांचे पैसे घेणारा कारागीर प्रत्येक फेरीत तोट्यात जातो. दुसरीकडे, निर्जन जागी अडकलेल्या चालकाची अडचण पाहून मनमानी रक्कम मागण्याची प्रवृत्तीही या क्षेत्रात आहे. स्वतःच्या मालकीचे एकच वाहन चालविणाऱ्याच्या दृष्टीने उभ्या वाहनाचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेले भाडे आणि डोक्यावरचा कर्जाचा हप्ता असतो. त्यामुळे निघण्यापूर्वीच फेरीचे शुल्क सांगणे व काढलेला जुना भाग मालकाच्या हाती देणे या प्रथा विश्वास निर्माण करतात.

सुरक्षितता

रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्यास सर्वांत मोठा धोका दुरुस्त होणाऱ्या वाहनापासून नव्हे, तर मागून येणाऱ्या वाहनांपासून असतो. म्हणून त्रिकोण व शंकू पुरेशा अंतरावर मागे ठेवले जातात. वळण किंवा चढ असल्यास ते वळणाच्या अलीकडे ठेवावे लागतात. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर कळवून गस्ती वाहनाची मदत मागता येते. बंद वाहनाभोवती दगड व झाडाच्या फांद्या लावण्याची जुनी पद्धत आहे. परंतु वाहन निघून गेल्यावर ते दगड तसेच राहतात आणि रात्री दुचाकीस्वारांच्या अपघातास कारण ठरतात. काम संपल्यावर रस्ता मोकळा करणे हे दुरुस्तीचे शेवटचे पाऊल समजले जाते.

यंत्रापासूनचे धोकेही गंभीर असतात. केवळ जॅकवर पेललेल्या वाहनाखाली जाणे, टिपरचा हौद वर असताना त्यास आधार न देता खाली काम करणे, स्प्रिंग असलेला ब्रेक चेंबर स्प्रिंग बोल्टने बांधून न घेता उघडणे आणि तुकड्यांच्या रिमवरील टायरमध्ये संरक्षक पिंजऱ्याविना हवा भरणे या चार चुका प्राणघातक ठरू शकतात. हायड्रॉलिक तेलाची बारीक गळती बोटाने शोधू नये, कारण दाबाखालील तेल त्वचेत शिरते. जखम किरकोळ दिसली तरी तत्काळ शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

पर्यावरण

वापरलेले इंजिन तेल हा कायद्याने घातक कचरा मानला जातो. ते जमिनीवर किंवा गटारात न सोडता डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे देणे अपेक्षित असते. जुन्या बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू होतात.

बदलते तंत्रज्ञान

बीएस-६ वाहनांत धूर शुद्ध करण्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण (डीईएफ) वापरले जाते. चालक त्यास नुसते 'युरिया' म्हणतात. ते संपल्यास किंवा भेसळीचे असल्यास इंजिनाची शक्ती नियंत्रकाकडून कमी केली जाते. अशी यंत्रणा बंद करून देण्याची मागणी काही वेळा होते. मात्र ते नियमबाह्य असून हवेच्या प्रदूषणात भर घालणारे आहे. काजळी गाळणारी जाळी (डीपीएफ) उभ्या वाहनात साफ करण्याची प्रक्रिया चालू असताना धुराड्यातून अतिशय तप्त वायू बाहेर पडतो, म्हणून सुक्या गवताजवळ ती करीत नाहीत.

निदानयंत्र दोषाचा सांकेतिक क्रमांक दाखविते, कारण दाखवीत नाही. उंदराने कुरतडलेली तार आणि निकामी संवेदक यांचा क्रमांक एकच असू शकतो. महागडा भाग बदलण्यापूर्वी तार, जोड व फ्यूज तपासणारा कारागीर या बदलत्या काळातही आवश्यक राहिला आहे.