दोन पैलवान, एक नाव: ब्रिटिश बुलडॉग्ज आणि जोडीनं करायचं काम

‘डब्ल्यूडब्ल्यूएफ खरं असतं की खोटं?’ नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आणि पैलवानांच्या फोटोंचे पत्ते घरोघरी पोचले, तेव्हा यावरून कितीतरी भावंडं भांडली असतील. उत्तर सोपं आहे: निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात. मी श्रमाच्या समाजशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे मला पडतो तो प्रश्न जरा वेगळा आहे. निकाल ठरलेलाच असेल तर ही माणसं रिंगमध्ये नेमकं काय काम करतात? आणि त्या कामाची किंमत कोण मोजतं?

आधी थोडी थिअरी. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. विमानातली हवाईसुंदरी पाय दुखत असले तरी हसते, कारण ते हसणं तिच्या नोकरीचाच भाग असतं. २००८ मध्ये आर. टायसन स्मिथ या समाजशास्त्रज्ञाने ही कल्पना कुस्तीला लावून पाहिली आणि एक महत्त्वाची भर घातली: इथे भावना एकटा माणूस तयार करूच शकत नाही. आपटणारा आणि आपटून घेणारा, दोघांनी मिळून ती तयार करावी लागते. प्रेक्षकांना दिसतं हाडवैर, पण आत चालू असतं एकमेकांना सांभाळणं. याला तो ‘पॅशन वर्क’ म्हणतो.

टॅग टीममध्ये हे सांभाळणं दुप्पट होतं. नियम असा: जोडीतला एकच जण रिंगमध्ये, दुसरा दोराबाहेर. हाताला हात लागला की अदलाबदल. मग ठरलेला खेळ सुरू होतो. एक जण बराच वेळ मार खातो, सरपटत कोपऱ्याकडे येतो, हात थोडक्यात हुकतो, प्रेक्षक ओरडून घसा बसवतात, आणि शेवटी ताज्या दमाचा जोडीदार आत घुसतो. यात नाट्य आहेच, पण श्रमाची वाटणीही आहे. एकाला दम घेता येतो.

आता ब्रिटिश बुलडॉग्जकडे येऊ. टॉम बिलिंग्टन (रिंगमधलं नाव डायनामाइट किड) आणि डेव्ही बॉय स्मिथ हे मावस-आते-चुलत यांपैकी कुठल्याशा नात्याने भाऊ, दोघंही इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गोलबोर्नचे. दोघंही कॅनडात कॅलगरीला स्टू हार्टच्या स्टॅम्पीड रेसलिंगमध्ये नावारूपाला आले. टॉमने जपानमध्ये टायगर मास्कविरुद्ध केलेल्या कुस्त्यांनी लहान चणीच्या पैलवानांच्या कुस्तीचा वेगच बदलला. डेव्हीकडे ताकद होती, टॉमकडे चपळाई. ७ एप्रिल १९८६ला रेसलमेनिया २ मध्ये त्यांनी ग्रेग व्हॅलेंटाइन आणि ब्रूटस बीफकेक यांच्याकडून टॅग टीमचा पट्टा जिंकला. कसा, ते बघा. टॉम कोपऱ्यातल्या दोरावर उभा राहिला, डेव्हीने व्हॅलेंटाइनचं डोकं त्याच्या डोक्यावर आदळवलं, टॉम थेट रिंगबाहेर खाली पडला आणि आत डेव्हीने व्हॅलेंटाइनला चीत केलं. निकाल ठरलेला होता, पण खाली पडणं काही खोटं नव्हतं.

डिसेंबर १९८६ मध्ये हॅमिल्टनच्या एका कुस्तीत टॉमच्या पाठीने दगा दिला. मणक्यांमधल्या गाद्यांना जबर इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पण पट्टा अजून या जोडीकडेच होता, आणि पट्टा हरायचा तर रिंगमध्येच हरावा लागतो. २६ जानेवारी १९८७ला टॅम्पात हार्ट फाउंडेशनविरुद्ध लढत झाली. डेव्हीच्या आधाराने टॉम कसाबसा रिंगपर्यंत आला. सुरुवातीलाच त्याला मेगाफोनचा फटका बसल्याचं दाखवलं आणि उरलेला वेळ तो बाहेर पडून राहिला. डेव्ही एकटा लढला आणि जोडी हरली.

माझ्या विषयाच्या दृष्टीने हा प्रसंग फार मोलाचा आहे. मार खोटा होता, वेदना खरी होती, आणि खोट्या मारामागे खरी वेदना लपवली गेली. वेदनेचा अभिनय हाच ज्या धंद्याचा माल आहे, तिथे खरी जखमही अभिनयातच खपून जाते. शिवाय हे पैलवान कागदोपत्री कंपनीचे कर्मचारी नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. आजारपणाची पगारी रजा वगैरे प्रश्नच नाही. त्या दिवशी टॉमला जो काही आधार मिळाला, तो जोडीदाराच्या खांद्याचा.

तो खांदाही पुढे राहिला नाही. १९८८ मध्ये दोघांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडलं, जपानमध्ये काम केलं, आणि १९९० मध्ये डेव्ही एकटाच परतला. ‘ब्रिटिश बुलडॉग’ हे नाव त्याने स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं होतं. १९९२ला वेम्बली स्टेडियमवर भरगच्च गर्दीसमोर तो ब्रेट हार्टला हरवून जिंकला, तेव्हा टॉमची कारकीर्द जवळपास संपली होती. पुढे टॉम व्हीलचेअरला खिळला आणि २०१८ मध्ये, साठाव्या वाढदिवशीच, गेला. डेव्ही त्याच्या आधीच, २००२ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी हृदयविकाराने गेला होता. म्हणजे जिंकलेल्यालाही किंमत चुकली नाही. स्टेरॉइड्स आणि वेदनाशामक गोळ्या त्या काळी या धंद्यात सर्रास होत्या.

टायसन स्मिथच्या कल्पनेला म्हणूनच एक पुरवणी जोडावीशी वाटते. काम जोडीनं होतं, पण नाव एकाच्या मालकीचं होऊ शकतं आणि मोडलेली पाठ तर नेहमीच एकट्याची असते. आज घरी जेवण पोचवणाऱ्या मुलांनाही ॲपवर ‘पार्टनर’ म्हणतात. हा शब्द ऐकला की एवढंच तपासायचं: हा माणूस पडला तर त्याला उचलून कोण नेणार आहे?