देह, वेष आणि सामर्थ्य

चित्रकथांतील पराक्रमी वीरांची ओळख नाही, असे मूल विरळाच. आकाशात झेप घेणारा सुपरमॅन, भिंतीवर सरसर चढणारा स्पायडरमॅन, रात्रीच्या अंधारात दुष्टांचा माग काढणारा बॅटमॅन ही नावे आज घरोघरी ठाऊक आहेत. महाराष्ट्रातील वाचकांचा अशा वीरांशी स्नेह जुनाच आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये मुंबईहून 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला मुखवटाधारी वीर त्या मालेतून 'वेताळ' हे नाव धारण करून मराठी घरांत आला. १९९० साली ती माला बंद झाली; पण आजोबांच्या पिढीला वेताळ अद्याप आठवतो.

आजच्या मुलांच्या हाती आणखी एक जाल आले आहे. जगभरच्या संगणकांवर ठेवलेली असंख्य पाने परस्परांशी जोडून विणलेले हे महाजाल होय. मोबाईलच्या काचेवर बोट टेकले की त्यातील हवे ते पान समोर उभे राहते. हे पान दिसते तरी एखाद्या चित्रासारखे. परंतु ते चित्राप्रमाणे एकाच हाताने रंगविलेले नसते. त्याच्या घडणीत निरनिराळ्या शक्तींचा वाटा असतो, आणि प्रत्येकीचे काम ठरलेले असते. ही वाटणी समजून घ्यावयाची तर चित्रकथांतील वीरांची चांगली मदत होते.

प्रथम एक उदाहरण घेऊ. उल्हास नदीकाठच्या बदलापूर शहरात, पश्चिमेच्या बाजूस, मांजर्ली हा भाग आहे. पावसाळ्यात उल्हास नदी रौद्र रूप धारण करते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत बदलापूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले होते. पुढे जुलै २०१९ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. त्या वेळी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी या स्थानकांच्या दरम्यान पाण्याने वेढली गेली. गाडीतील सुमारे १०५० प्रवाशांना २७ जुलै रोजी बोटींच्या साहाय्याने सुखरूप बाहेर काढण्यात आले. अशा प्रसंगी योग्य माहिती वेळेवर मिळणे हे अन्नपाण्याइतकेच मोलाचे असते. समजा, मांजर्लीतील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी पुराच्या वेळी उपयोगी पडेल असे एक पान रचावयाचे ठरविले. कोणत्या इमारतीत आसरा घ्यावा, बरोबर काय न्यावे, मदतीसाठी ११२ या क्रमांकावर कसे कळवावे, एवढा मजकूर त्यात द्यावयाचा आहे. हे पान कसे सिद्ध होईल?

प्रारंभ देहापासून होतो. पानाचा देह ज्या भाषेत रचतात, तिला एचटीएमएल असे म्हणतात. या भाषेत मजकुराला खुणा घालावयाच्या असतात. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, असे त्या खुणा सांगतात. चित्रकथा वाचणाऱ्यास ही युक्ती नवी वाटू नये. चित्रकथेत पात्राच्या मुखाकडे टोक वळलेला फुगा दिसला की त्यातील शब्द उच्चारलेले आहेत हे कळते. फुगा ढगासारखा असला की ते मनातले विचार ठरतात. आणि चौकटीच्या कडेला आयताकृती पट्टी असली की ते निवेदकाचे बोल असतात. 'पाणी चढत आहे' हे शब्द तेच. पण भोवतीच्या खुणेने त्यांचा अर्थ ठरतो. एचटीएमएलचे कार्यही हेच आहे. मजकूर दिसतो कसा, याच्याशी तिला कर्तव्य नसते. तो आहे काय, एवढेच ती सांगते.

देहावर वेष चढविण्याचे काम सीएसएस या भाषेकडे असते. शीर्षक तांबडे असावे की निळे, अक्षरे केवढी असावीत, यादी डावीकडे असावी की मध्यभागी, हे सारे नियम तिच्यात लिहिलेले असतात. येथे सुपरमॅनचे स्मरण होते. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला हा वीर १९३८ साली प्रथम छापून आला. एरवी तो क्लार्क केंट या नावाने एका वृत्तपत्रात बातमीदाराचे काम करतो. डोळ्यांवर चष्मा, अंगात साधा कोट. संकट येताच तो निळा पोशाख आणि तांबडा झगा परिधान करून उड्डाण करतो. माणूस एकच, वेष मात्र दोन. शाळेचे पूरसूचनेचे पानही असेच दोन वेष घेऊ शकते. संगणकाच्या रुंद पडद्यावर त्याचे दोन स्तंभ पडतील, तर मोबाईलच्या चिंचोळ्या पडद्यावर तेच एका स्तंभात उभे राहील. मजकुराला हात न लावता केवळ नियम बदलून हे साधते. पूर्वी रंग व आकार यांच्या सूचना मजकुरातच मिसळलेल्या असत, आणि त्यामुळे पाने बोजड होत. देह आणि वेष वेगळे ठेवावे, अशा हेतूने हॉकुन वियुम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली.

देह झाला, वेष झाला. पण पान अजून निश्चल आहे. त्याला चलनवलन देते ती जावास्क्रिप्ट ही भाषा. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला. तिचे वर्तन स्पायडरमॅनसारखे आहे. कोळ्याच्या दंशानंतर पीटर पार्कर या विद्यार्थ्याला एक विलक्षण जाणीव प्राप्त होते. धोका जवळ आला की तो त्याला तत्क्षणी कळतो, आणि कळताच तो हालचाल करतो. जावास्क्रिप्टही अशीच सदैव सावध असते. वाचकाने बटणावर बोट टेकले, रकान्यात अक्षर लिहिले, पान वर सरकविले, की तिला त्याची चाहूल लागते आणि नेमून दिलेली कृती ती करते. शाळेच्या पानावर नकाशा मोठा करणे, किंवा आपल्या वस्तीचे नाव लिहिताच जवळचे आसरास्थान दाखविणे, ही कामे तिच्याकडे सोपविता येतील.

आता प्रश्न उरतो तो हा की, हे पान राहते कोठे? ते वाचकाच्या मोबाईलमध्ये आधीपासून नसते. ते दूर कोठेतरी, रात्रंदिवस चालू असणाऱ्या संगणकावर ठेवलेले असते. त्या संगणकाला सर्व्हर, म्हणजे सेवा देणारा, असे नाव आहे. बॅटमॅनच्या कथांत आल्फ्रेड नावाचा निष्ठावंत सेवक आहे. झुंज देताना तो क्वचितच दिसतो. पण बॅटमॅनने मागितलेली माहिती शोधून देणे, साधने सज्ज ठेवणे, हे काम तो पडद्याआड राहून करतो. सर्व्हर हा महाजालाचा आल्फ्रेड होय. मोबाईलमधील ब्राउझर त्याच्याकडे पानाची मागणी करतो. सर्व्हर पानाचा देह, वेष व सामर्थ्य यांच्या संहिता पाठवितो. आणि त्यांची जुळणी करून ब्राउझर पान उभे करतो.

हा सर्व्हर सापडतो कसा, याचे उत्तर वेताळाच्या कथेत आहे. जंगलातील लोकांना वाटते की वेताळ अमर आहे आणि शतकानुशतके तो एकच आहे. वस्तुतः पित्याच्या मागून पुत्र तोच मुखवटा चढवितो. मालेतील नायक हा एकविसावा वेताळ होय. मुखवटा तोच राहिला, आतील माणसे बदलत गेली. पानाचा पत्ताही असाच मुखवटा आहे. संगणक परस्परांना अंकांनी ओळखतात. परंतु माणसांना लांबलचक अंक लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी नावे योजिलेली असतात. नावावरून अंक शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. जुना सर्व्हर बिघडला तर शाळेने नवा घ्यावा आणि जुन्या नावापुढे नवा अंक नोंदवावा. वाचक नेहमीचेच नाव लिहितो आणि नव्या सर्व्हरपर्यंत पोहोचतो.

येथवर सर्व वीर आपापल्या जागी विजयी ठरले. पण चित्रकथेचा खरा रंग वीराच्या संकटात असतो. सुपरमॅनसारख्या बलाढ्य वीरालाही क्रिप्टोनाइट नावाचा दगड निष्प्रभ करतो. महाजालावरील पानांचा क्रिप्टोनाइट कोणता? पावसाने खंडित झालेली वीज, मंदावलेले जाळे आणि हातातला जुना मोबाईल! पूरसूचनेचे पान नेमके अशाच वेळी उघडले जाणार आहे.

याचा हिशेब मांडून पाहणे उद्बोधक ठरेल. संगणकावर साठविताना देवनागरीतील एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत ३ बाइट जागा घेते. म्हणजे १००० चिन्हांच्या सूचनेला सुमारे ३००० बाइट लागतील. उलट, मोबाईलने टिपलेले एखादे मोठे छायाचित्र सहज ३० लाख बाइटांचे असते. समजा, पुराच्या रात्री जाळे इतके मंद झाले की सेकंदाला केवळ ५०,००० बिट येऊ लागले. एका बाइटात ८ बिट असतात. तेव्हा सूचनेच्या मजकुराचे २४,००० बिट अर्ध्या सेकंदात येऊन पोहोचतील. छायाचित्राचे २ कोटी ४० लाख बिट येण्यास मात्र पूर्ण ८ मिनिटे लागतील. अंगणात पाणी चढत असताना ८ मिनिटे म्हणजे किती दीर्घ काळ!

यापेक्षाही मोठी चूक काही रचनाकारांच्या हातून घडते. मजकूर देहात न ठेवता तो मागाहून आणण्याचे काम ते जावास्क्रिप्टवर सोपवितात. ती वेळेवर आली नाही तर वाचकासमोर कोरी पाटी राहते. हे म्हणजे झगा अंगावर आल्याखेरीज सुपरमॅनने तोंडच न उघडण्यासारखे झाले! वास्तविक झगा नसला, बळ ओसरले, तरी 'पळा, पाणी येत आहे' एवढे सांगावयास क्लार्क केंटही पुरेसा आहे. म्हणून जाणते रचनाकार प्रथम देह पूर्ण करतात आणि केवळ त्या देहावर पान वाचता येते की नाही, हे पाहतात. मग वेष चढवितात, आणि सर्वांत शेवटी सामर्थ्य देतात. वरचा थर गळून पडला तरी खालचा थर उभा राहिला पाहिजे, हा या रचनेचा नियम आहे.

या नियमाचा लाभ केवळ पुराच्या रात्रीच होतो असे नाही. दृष्टिहीन माणसे पान पाहत नाहीत, ती ऐकतात. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी यंत्रणा देहातील खुणांवरूनच शीर्षक कोणते आणि यादी कोणती हे सांगते. चित्राचे वर्णन शब्दांत लिहून ठेवले असेल तर ते चित्रही तिला सांगता येते. शाळेच्या पानावर आसरास्थानाचा नकाशा फक्त चित्ररूपाने दिला, तर दृष्टिहीन आजीला तो निरुपयोगी आहे. 'स्थानकाकडून येताना उजव्या हाताची दुमजली इमारत' अशी एक ओळ जोडली, तर तोच नकाशा तिचाही झाला.

देहाचे हे महत्त्व महाजालाच्या जन्मापासूनच दिसून येते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत महाजालाची योजना मांडली आणि १९९१ साली ते सर्वांसाठी खुले झाले. त्यांच्या पहिल्या पानावर चित्रे नव्हती, रंगांची आरास नव्हती. होते ते शब्द आणि दुवे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या कोणतेही मोल न घेता जगाच्या स्वाधीन केली. २०१३ साली त्या संस्थेने पहिले पान मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध करून दिले. या काळात संगणक बदलले, ब्राउझर बदलले. तरी आजच्या मोबाईलवर ते साधे पान वाचता येते.

चित्रकथेतील वीर मोठा ठरतो तो झग्यामुळे नव्हे. संकटात सापडलेल्याच्या हाकेला तो धावून जातो म्हणून. पानाचेही तसेच आहे. रंग, हालचाल आणि चमत्कार यांनी त्याची शोभा जरूर वाढावी. परंतु धो धो पावसाच्या रात्री, अंधारात, जुन्या मोबाईलवरही जे पान आपला निरोप पोहोचविते, तेच खरे पराक्रमी होय.

स्वाध्याय

१. चित्रकथेतील फुगे आणि एचटीएमएलच्या खुणा यांत कोणते साम्य आहे?
२. सुपरमॅनचे दोन वेष व वेताळाचा मुखवटा यांच्या दृष्टान्तांनी कोणत्या दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत?
३. सेकंदाला १,००,००० बिट येत असतील, तर पाठातील मजकूर व छायाचित्र येण्यास किती वेळ लागेल?
४. आपल्या वस्तीसाठी पूरसूचनेचे पान रचावयाचे आहे. त्याच्या देहात कोणता मजकूर ठेवाल, ते दहा ओळींत लिहा.